सतरा नंबरची बाटली

पडद्यावर दोन फोटो होते. उजवीकडच्या फोटोतल्या पेशी मेल्या होत्या, डावीकडच्या जिवंत होत्या. खोलीतले सगळे मेलेल्या पेशी बघत होते. मी जिवंत बघत होते.

सप्टेंबर २०२० मधला गुरुवार. मीटिंगच्या खोलीत एरवी तीस खुर्च्या असायच्या, त्या दिवसांत नऊ ठेवल्या होत्या, आणि प्रत्येकीखाली चिकटपट्टीने चौकोन आखलेला. डॉ. बेलसरे पडद्याशेजारी उभे होते. मास्कच्या वर त्यांचे नुसते डोळे दिसत होते, पण तेवढ्यावरून बाकीचा चेहरा काय करत असेल ते कळत होतं. या माणसाने बावीस वर्षं वासरांच्या हगवणीवर काम केलं होतं. वासरांच्या आतड्यात शिरणारा एक करोना विषाणू असतो, त्यावर. बावीस वर्षं संस्थेत त्यांच्यावर विनोद झाले, त्यातले निम्मे तरी मीच केले असतील. आणि मग एके दिवशी अख्खं जग करोना म्हणायला लागलं आणि दिल्लीहून फोन येऊ लागले ते बेलसऱ्यांनाच.

"माणसाच्या आतड्याच्या सेल्स," सर म्हणाले. "अठ्ठेचाळीस तासांत ही अवस्था. बाकीचे म्हणतायत, या सेल्सना व्हायरस लागतो पण वरून काही दिसत नाही. आपल्याकडे बघा. वाताहत."

टाळ्या झाल्या. संयोगिता चौगुले पहिल्या रांगेत होती, तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. मला तो विनय वाटला. काम तिचं होतं. गडहिंग्लजची पोर, पीएचडीचं सहावं वर्ष, फेलोशिप जूनमध्ये संपलेली. घरच्यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती, पुढे इचलकरंजीचं एक स्थळ तयार होतं, स्वतःचे यंत्रमाग असलेलं. आणि दुसरीकडे जर्मनीतली एक प्रयोगशाळा होती, जिने पेपर निघाला तर बघू असं लिहिलं होतं. तो पेपर म्हणजे हे दोन फोटो. सोमवारी दिल्लीच्या समितीसमोर ते दाखवायचे आणि त्याच संध्याकाळी पेपर पाठवून द्यायचा, असं ठरलं होतं.

"वैराळकरबाई, तुम्ही काही बोलत नाही," सर म्हणाले. "तुमच्या काकांनी नाव काढलं."

"छान आलंय सर," मी म्हटलं.

काकांचा खुलासा करायला हवा. आतड्याच्या पेशींचा जो वाण जगभर वापरतात त्याचं नाव काको. कोण्या एका माणसाच्या आतड्यातल्या गाठीतून तो कधीकाळी काढलेला, आणि तेव्हापासून जगभरच्या काचेत वाढतोय. आमच्याकडे त्याचे 'काका' झाले. 'काकांना खायला घातलं का', 'काका आज सुस्त दिसतायत', असं चालायचं. दुसरा वाण व्हेरो, माकडाच्या मूत्रपिंडातला. ती 'माकडं'. काका हळू वाढतात, नीट घोळक्याने, दाण्याला दाणा चिकटून. दोन आठवडे हात लावला नाही तर त्यांच्या चादरीवर मध्येमध्ये फुगे येतात, पुरीसारखे. माकडं भराभर वाढतात, पसरतात, लांबट असतात, आणि हा विषाणू घातला की दोन दिवसांत गोल होऊन तळ सोडतात आणि तरंगायला लागतात.

सत्तावीस वर्षं मी पेशी सांभाळल्या. डावीकडच्या फोटोत, जिथे विषाणू घातलाच नव्हता, तिथे मला एकही फुगा दिसला नाही. कडेला लांबट पेशी होत्या, एकमेकींपासून सुटलेल्या. जिवंत, गुटगुटीत, आणि काका नव्हेत.

मीटिंग संपली तशी मी पेशींच्या खोलीत गेले. इन्क्युबेटरमधून काकांचा फ्लास्क काढला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. वर लेबल काकांचं, अक्षर संयोगिताचं. आत माकडं.

हे कसं होतं ते आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांना वाटतं की आपल्याकडे होत नाही. पेशींचं खाणं म्हणजे गुलाबी पाणी, त्याला आम्ही मीडिया म्हणतो. पिपेट फ्लास्कला लागली आणि परत बाटलीत बुडाली की पाच-दहा पेशी बाटलीत जातात. त्याच बाटलीतलं पाणी दुसऱ्या फ्लास्कला घातलं की पाहुण्या आल्या. माकडं असतील तर दीड महिन्यात यजमान शिल्लक राहत नाही. म्हणून माझा नियम होता, एका वाणाला एक बाटली, बाटलीला नंबर, आणि कोणी कोणत्या नंबरातून कोणाला खायला घातलं याची रजिस्टरात नोंद. या नियमावरून मी कितीतरी मुलं रडवली होती. एकदा तर एका पोस्टडॉकला बाटलीचं झाकण हुंगायला लावून कोणाची आहे ते ओळखायला सांगितलं होतं.

म्हणून रजिस्टर काढताना मला, खरं सांगते, थोडं बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा कशाची तरी भूक लागल्यासारखं झालं. दुसऱ्याची चूक हुडकायची होती आणि ती कुठे सापडेल ते मला माहीत होतं. जुलैच्या अठरा तारखेला आमचे हे गेले. त्यानंतर सतरा दिवस मी घरात कोंडलेली होते. माझी चाचणी दोनदा झाली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. विषाणू यांना घेऊन गेला आणि मला हातही लावला नाही. त्या सतरा दिवसांत पेशी संयोगिताकडे होत्या.

दहावं-तेरावं काही झालं नाही. क्वारंटाइन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर झाले. संस्थेत लोक माझ्याशी काचेच्या भांड्याशी वागावं तसे वागत होते. माझ्या टोमण्यांना कोणी उत्तर देईना, त्यामुळे मी टोमणे मारायचे सोडले. काय झालं होतं असं विचारलं की मी 'अचानक' म्हणायचे, आणि लोक मान हलवायचे. सांत्वनाला आलेल्यांची मनातल्या मनात मोजदाद ठेवली होती. अकरा जण देवाची इच्छा म्हणाले, सहा जण सुटले म्हणाले, आणि स्टोअरचा घोडके म्हणाला की बाई, चहा घ्या. घोडके वरचढ ठरला. मला काहीच वाटत नव्हतं. बंदिस्त लॅबमध्ये आम्ही एकावर एक दोन हातमोजे घालतो, वस्तू हातात असते पण लागत नाही. तसं, सगळ्या अंगाला.

रजिस्टरात संयोगिताचे सतरा दिवस स्वच्छ होते. काकांना पंधरा नंबर, माकडांना सोळा, एकही घसरण नाही. पोर शिकली होती. मी पान उलटलं. पाच ऑगस्ट, माझा कामावरचा पहिला दिवस, माझं अक्षर. आधी माकडं, नंतर काका. हा क्रमच उलटा. आधी हळू वाढणारे, मग भराभर वाढणारे, हे मी झोपेतही चुकले नसते. काकांसमोर बाटली सतरा. माकडांसमोर एकोणीस.

बाटल्या तरी वेगळ्या होत्या. पण रजिस्टरच्या शेवटी बाटल्या कधी फोडल्या त्याची यादी असते, तीही मीच सुरू केलेली. त्या काळात बाहेरचा माल महिनोन्महिने येत नव्हता, बाटल्या मोजून वापरत होतो. एकोणीस नंबर फोडला होता चौदा ऑगस्टला. पाच तारखेला तो सीलबंद फ्रिजमध्ये होता.

मी पान खिडकीशी नेलं. सात निळ्या बॉलपेनचा होता. त्याच्या डोक्याला वळसा घालून त्याचा नऊ केला होता, तो वळसा जेल पेनचा.

म्हणजे दोन्हीकडे सतरा. एकच बाटली, आधी माकडांना, मग काकांना, आणि हात माझा. मी तो दिवस आठवून पाहिला. गेटवर ताप मोजला तो आठवला. संध्याकाळी घरी कुलूप उघडलं ते आठवलं. मधले आठ तास नव्हते. अक्षर मात्र ओळीत होतं.

संयोगिता मला मागच्या पायऱ्यांवर सापडली, डबा खात होती. मी दोन पायऱ्या सोडून बसले आणि रजिस्टर मांडीवर उघडलं. तिने बघितलं, डब्याचं झाकण लावलं. एरवी ती पुण्याचं मराठी अगदी घासूनपुसून बोलायची. घाबरली की गडहिंग्लज वर यायचं.

"मीच केलो, ताई," ती म्हणाली.

"कधी?"

"वीस ऑगस्टला. काका फार भरभर वाढायला लागले म्हणून रजिस्टर बघितलो. दोन्हीकडं सतरा."

"मग फ्लास्क फेकायचा आणि मला सांगायचं. हे शिकवायला मी सहा वर्षं घालवली."

 ती म्हणाली की त्या दिवशी ती मला सांगायला आली होती. मी हूडसमोर, म्हणजे पेशी हाताळायच्या काचेच्या कपाटासमोर, बसले होते, हात आत, पिपेट हातात, आणि मशीन बंद होतं. किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. तिने मशीन चालू केलं आणि परत गेली. मला हे माहीत नव्हतं.

"तुमच्याकडं बघून सांगायचं झालं नाही. म्हटलं, खूण तेवढी मोडू. सेल्स आठवड्याने गुपचूप बदलू."

"मग बदलल्या का नाहीस?"

"सरांनी त्याच सेल्स प्रयोगाला मागितल्या. आणि फोटो आले."

मी तिच्याकडे बघितलं. ती डब्याकडे बघत होती.

"म्हणजे माझ्यासाठी केलंस की तुझ्यासाठी?"

"आधी सगळं तुमच्यासाठी होतं," संयोगिता म्हणाली. "नंतर नंतर माझं वाढत गेलं."

इतकं चोख उत्तर मला संस्थेत कोणी दिलं नव्हतं. मी रजिस्टर मिटलं. तिने विचारलं, सरांना सांगणार का. मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, सोमवारनंतर सांगा, निदान समिती होऊ दे. मग स्वतःच म्हणाली, नको, तसं नको. आणि मग, उठता उठता, "पण ताई, मीटिंगमध्ये तुम्हीपण ओळखलात की. तुम्हीपण छान आलंय म्हणालात."

ते खरं होतं. मी गप्प राहिले असते तर कोणालाच कळलं नसतं. चूक माझी, खाडाखोड तिची, फायदा सरांचा, आणि तिघांचीही सोय एकाच गोष्टीत होती. पुढेमागे दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेला हे साधलं नसतं, हरकतीच्या चार चिठ्ठ्या आल्या असत्या, आणि त्या महामारीत असे पेपर पैशाला पासरी होते. मी रात्रभर तळमळले वगैरे काही नाही. मी झोपले. त्या दिवसांत मला झोप फार छान लागायची.

शुक्रवारी सकाळी सरांच्या खोलीत जाऊन मी फ्लास्कचे फोटो आणि रजिस्टर दोन्ही टेबलावर ठेवलं. त्यांनी आधी फोटो बघितले. वासरांच्या हगवणीचा असला तरी माणूस पेशी ओळखणारा होता, अर्ध्या मिनिटात ओळखलं. मग खुर्ची मागे सरकवून भिंतीकडे बघत राहिले. त्यांना पन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा कोणीतरी टाळ्या वाजवल्या होत्या आणि त्याला अजून चोवीस तास झाले नव्हते. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली असती तर बरं झालं असतं.

"चूक कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी. पाच ऑगस्ट. दोन्हीकडे सतरा नंबर."

"इथे एकोणीस आहे."

"तो नंतर केलेला आहे."

"कोणी?"

"मीच, सर."

त्यांनी पान जवळ घेतलं. जेल पेन बघितलं. माझ्या कोटाच्या खिशाला निळं बॉलपेन लावलेलं होतं, सत्तावीस वर्षं तेच होतं, तेही बघितलं. मग रजिस्टर माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "बाई, खाडाखोडीचं मला वर कळवावं लागेल."

मी म्हटलं, कळवा.

यात कोणी शौर्य बघू नये. ज्याला चटका बसत नाही त्याने विस्तवात हात घातला तर त्यात काय विशेष. मी इतकंच पाहिलं की डाग कोणाला परवडेल. मला निवृत्तीला चार वर्षं होती आणि घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. त्या पोरीला सगळंच पुढे होतं. जानेवारीत मला लेखी ताकीद मिळाली आणि पेशींच्या खोलीतून स्टोअरमध्ये बदली, घोडकेच्या शेजारची खुर्ची. उरलेली चार वर्षं मी हातमोजे आणि नळ्या मोजल्या. सोमवारी दिल्लीच्या समितीला सरांनी कळवलं की निष्कर्षाला अजून वेळ लागेल. त्यांचा फोन पुन्हा कमी वाजायला लागला.

संयोगिताला मी केलेलं सरांकडून कळलं. ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी येऊन म्हणाली की असं परस्पर करायचा तुम्हाला काही अधिकार नव्हता, मी माझं मी सांगितलं असतं. मी म्हटलं, मग सांग जा. ती गेली आणि सांगून आली. सर म्हणाले, मला माहीत होतं, आता एका कागदावर दोन नावं कशाला, काम कर. म्हणजे तिघांनीही आपापला खरेपणा करून घेतला आणि कागदावर माझं एकटीचं नाव राहिलं.

नायट्रोजनच्या टाकीत काकांच्या जुन्या कुप्या गोठवलेल्या होत्या, २०१४ सालच्या. एक काढली. जागे होऊन अंगाला लागायला त्यांना साडेतीन आठवडे लागले. मी बदलीची वाट बघत त्यांना खायला घालत होते, बाटली वेगळी, टेबल वेगळं. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांच्यावर फुगे आले. संयोगिताने बंदिस्त लॅबमध्ये विषाणू घातला. रोज एक प्लेट फॉर्मॅलिनने मारून, रंग लावून बाहेर आणायची, की मग ती आमच्या साध्या खोलीत बघता येते.

त्या कामाचा पुढे छोटा पेपर झाला, दोन पानांचा. तोवर बाहेरच्या तीन-चार जणांनी तेच लिहून टाकलं होतं. जर्मनी बारगळली. इचलकरंजीही बारगळली, ती हिने बारगळवली. हैदराबादला एका लस बनवणाऱ्या कंपनीत आहे, अजून फोन करते. पण मला सांगायची आहे ती त्या खोलीतली दुपार.

दुसऱ्या दिवसाची प्लेट होती. संयोगिताने सूक्ष्मदर्शक लावून दिला आणि बाजूला झाली. मी साध्या उजेडात बघितलं. काका जिथल्या तिथे होते. दाण्याला दाणा, कडा घट्ट, फुगे शाबूत. एकही पेशी सुटलेली नाही. विषाणू न घातलेल्या प्लेटशेजारी धरली असती तर मलाही सांगता आलं नसतं, आणि मला सगळं सांगता येतं.

"काहीच नाही की," मी म्हटलं.

"थांबा," ती म्हणाली, आणि खोलीतला दिवा घालवून तिने निळा प्रकाश लावला.

विषाणू जिथे असेल तिथे हिरवं चमकतं. अर्ध्याहून जास्त चादर हिरवी होती.

"हा दुसरा दिवस?" मी विचारलं.

"दुसरा. पाण्यातला व्हायरस पहिल्या दिवसापासून वाढतोय. चौथ्या दिवशीपण सेल्स अशाच दिसतात, बघितलंय मी. वरून चेहरामोहरा तसाच. आत कारखाना."

मी डोळा काढला नाही. अंधार होता, आणि ती मागे होती, त्यामुळे बोलणं सोपं गेलं असावं. मी सांगितलं की यांना ताप नव्हता. खोकला नव्हता. चौदा जुलैला जुलाब सुरू झाले. आदल्या दिवशी उरलेली डाळ खाल्ली होती, मी म्हटलं डाळ बाधली. चार दिवस मी ताकभात घालत होते आणि संध्याकाळी येऊन विचारत होते, आज किती वेळा. पहिल्या दिवशी सहा वेळा, मग चार, मग तीन. कमी होतंय म्हणून मला बरं वाटत होतं. त्या चार दिवसांत रोज सकाळी मी इथे येत होते आणि बेलसरे सर रोज सकाळी सांगत होते की हा विषाणू आतड्यात शिरतो का ते आपल्याला बघायचं आहे. मी मान हलवत होते आणि फ्लास्क काढून देत होते. अठरा तारखेला पहाटे ते उठून बसले आणि म्हणाले, श्वास पुरत नाही. दुपारपर्यंत संपलं.

 मशीनच्या पंख्याचा आवाज येत होता.

"म्हणून तुम्ही सरांना सांगितलात?" तिने विचारलं.

"त्या फोटोत सगळं दोन दिवसांत कोसळलेलं होतं," मी म्हटलं. "तसं असतं तर यांच्यात मला काहीतरी दिसलं असतं. दिसायलाच हवं होतं. मग दोष माझ्या डोळ्यांचा. पण ते माकड होतं. माकडावरून मी काय ठरवू? मला माणसाचं आतडं बघायचं होतं."

"आणि आता बघितलंत."

"हो."

"दिसत नाही, ताई," ती म्हणाली. "कुणालाच दिसलं नसतं."

मी अजून भिंगातच बघत होते. हिरवी पेशी, तिच्या शेजारी काळी, परत हिरवी. सगळ्या एकमेकींना धरून.

"दिसलं नसतं," मी म्हटलं. "पण सरांना विचारता आलं असतं."

तिने माझी समजूत घातली नाही, याबद्दल मी तिची अजून ऋणी आहे. तिने दिवा लावला. मी प्लेट उचलली, झाकण लावलं, झाकणावर दिवस दोन असं लिहिलं आणि तिच्या हातात दिली.

"उद्याची कधी आणशील?" मी विचारलं.

"अकराला."

"दहाला आण," मी म्हटलं.